सगळं खोटं खोटं वाटतं



मागच्या खेपेस गुडघ्यांच्या दुखण्यावर लिहिले, त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले. या खेपेस साखर असणाऱ्यांनी पायांची निगा कशी ठेवावी ते लिहायचे ठरवले होते. ते आता पुढच्या अंकात. कारण मधल्या काळात एकाच तक्रारीबद्दल तीन ठिकाणांहून विचारणा झाली. एक अश्दोदहून, एक ठाण्याहून आणि एक इथेच प्लेनोत, माझ्या मुलीच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडून. तिन्ही ठिकाणी शब्द जवळजवळ तेच होते, "सगळं खोटं खोटं वाटतं."

प्लेनोतल्या मुलाची हकिगत आधी सांगते. घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे काही लिहीत नाही. वय सतरा. अभ्यासात हुशार, बोलायला गोड. जानेवारीत एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि आजीला म्हणाला, "आजी, हे किचन जणू सिनेमाचा सेट आहे. तू बोलतेस ते मला ऐकू येतं, पण तू जणू काचेच्या पलीकडे उभी आहेस. तू माझी आजी आहेस हे मला माहीत आहे. पण तसं वाटत नाही." मग रडायला लागला.

घरात तीन मते झाली. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. वडील म्हणाले, फोन काढून घ्या, सगळं ठीक होईल. आई काही बोलली नाही, पण रात्री दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर वाचत बसली आणि मुलाला स्किझोफ्रेनिया झाला असे तिने मनाशी ठरवूनही टाकले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. निवृत्त झाले तरी नर्स ती नर्सच, शेजारीपाजारी पहिला फोन मलाच करतात.

मी त्याच्याशी तासभर बोलले आणि बोलताना एकच शब्द ऐकत होते. तो शब्द म्हणजे "जणू". मी नोकरीच्या काळात दोन वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात होते. ज्याचे भान खरोखर सुटले आहे तो माणूस "जणू" म्हणत नाही. तो ठासून सांगतो की हे घर माझे नाही, तुम्ही लोकांनी ते बदलले आहे, ही बाई माझी आई नाही. त्याला शंका नसते. हा मुलगा मात्र पुन्हा पुन्हा सांगत होता की मला माहीत आहे सगळं खरं आहे, फक्त तसं वाटत नाही. माहीत असणे आणि वाटणे यांची फारकत झालेली. डॉक्टर लोक यालाच वास्तवाचे भान शाबूत असणे म्हणतात. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे, एका शब्दावरून कुणी निदान करू नये. पण घरच्यांनी घाबरून जाण्याआधी हा "जणू" आहे की नाही ते जरूर ऐकावे.

या प्रकाराला डिरिअलायझेशन म्हणतात. त्याचे एक भावंड आहे, डिपर्सनलायझेशन. पहिल्यात जग परके वाटते, दुसऱ्यात आपण स्वतःच स्वतःला परके वाटतो, आपला आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतो, हात आपला नसल्यासारखा दिसतो. बहुधा दोघे बरोबरच येतात, म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात दोन्हींचे एकच नाव केले. आजार नवा नाही. पॅरिसमध्ये क्रिशाबेर नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली असे ३८ रोगी नोंदवले होते. १८९८ साली द्युगा या फ्रेंच विद्वानाने त्याला डिपर्सनलायझेशन हे नाव दिले, आणि तो शब्दही त्याने जिनिव्हाच्या आमिएल नावाच्या प्राध्यापकाच्या रोजनिशीतून उचलला होता. आपल्या मराठीत मात्र याला घरगुती शब्द नाही. "चक्कर आल्यासारखं", "कसंसंच होतं", "अंगात जीव नाही" असे काहीतरी माणूस सांगतो, आणि समोरचा ब्लड प्रेशर मोजून मोकळा होतो.

हे किती जणांना होते? निम्म्या मोठ्या माणसांना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव येतो. जागरणानंतर, तापात, अपघाताच्या वेळी, घरातले माणूस गेले त्या दिवशी. तो तासा-दोन तासांत किंवा दिवसाभरात निघून जातो आणि आपण विसरतो. महिनोन्‌महिने चिकटून राहणारा प्रकार कमी, शंभरात एक ते दोन. बायका आणि पुरुष सारखेच. सुरू होण्याचे सरासरी वय सोळा. पंचविशीनंतर पहिल्यांदा होणारे थोडे, आणि चाळिशीनंतर पहिल्यांदा झाले तर ते वेगळ्या कारणाने असण्याचा संभव मोठा. त्याबद्दल खाली ठाण्याच्या गृहस्थांच्या वेळी सांगते.

ज्यांना हे कधीच झाले नाही त्यांना समजावणे कठीण जाते. मी त्या मुलाच्या वडिलांना ८ एप्रिल २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशी दुपारी पावणेदोनच्या सुमारास प्लेनोवर खग्रास सूर्यग्रहण होते. ढग येत-जात होते, तरी आम्ही सगळे खुर्च्या घेऊन मागच्या अंगणात बसलो होतो. पूर्ण अंधार पडण्याआधीची दहा मिनिटे आठवा. ऊन होते, पण ते उन्हासारखे नव्हते. रंग उडालेले, सावल्या सुरीने कापल्यासारख्या, शेजाऱ्याची विटांची भिंत पुठ्ठ्याची वाटत होती. कुणीच काही बोलेना. घर तेच, झाड तेच, माणसे तीच, आणि तरी काहीतरी बिनसलेले. आपल्याला ठाऊक होते की हे ग्रहण आहे आणि सुटणार आहे, म्हणून मजा वाटली. आता समजा, तसेच ऊन तुमच्या मुलाच्या डोळ्यांपुढे तीन आठवडे आहे, आणि ते सुटणार की नाही हे त्याला कुणी सांगितलेले नाही. वडील गप्प झाले. फोन काढून घेण्याची भाषा त्यानंतर बंद झाली.

असे होते तरी का? मेंदूचा पुढचा भाग आणि भावनांचे केंद्र यांची नेहमी देवाणघेवाण चालते. आपण आईचा चेहरा पाहतो तेव्हा डोळा फक्त नाक-डोळे दाखवतो, "ही माझी" हा ओलावा दुसरीकडून येऊन त्यात मिसळतो. भीती किंवा ताण फार झाला की पुढचा भाग भावनांच्या केंद्रावर हात दाबून धरतो. मग चित्र येते, ओलावा येत नाही. सिएरा आणि बेरिओस या डॉक्टरांनी १९९८ साली हे असे मांडले, आणि पुढच्या तपासण्यांत असे दिसले की या रोग्यांना भयंकर चित्रे दाखवली तरी त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया इतरांपेक्षा थंड असते. खऱ्या संकटात हे कामाचे आहे. नोएस आणि क्लेटी यांनी १९७० च्या दशकात मरणाच्या दारातून परत आलेल्या लोकांना विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हेच सांगितले की त्या क्षणी सगळे स्वप्नासारखे, दूर कुठेतरी घडत असल्यासारखे वाटले. भीतीने हातपाय गळू नयेत म्हणून निसर्गाने दिलेली ही भूलच म्हणा.

भूल म्हटले की मला दातांच्या दवाखान्याची आठवण येते. दाढ काढायला सुई दिली की ओठ आपला नसल्यासारखा होतो. ओठ जागेवरच असतो. काही तासांत जाग येते. पण लहान मुले काय करतात? जाग आली का, आली का, म्हणून तो ओठ सारखा चावून बघतात. संध्याकाळी ओठ सुजून भजे होतो. मग आई मुलाला घेऊन परत दवाखान्यात, आणि दुखणे असते चावण्याचे, सुईचे नव्हे.

या आजाराचे नव्वद टक्के दुखणे हे असे चावण्याचे आहे. टक्केवारी माझ्या अनुभवातली, पुस्तकातली नाही. पण मूळ विचार माझा एकटीचा नाही. लंडनमध्ये या आजाराचा खास दवाखाना चालवणाऱ्या मंडळींनी, हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००३ साली हेच मांडले. पहिला झटका कशानेही येवो, तो टिकून राहतो तो भीतीमुळे आणि तपासण्यामुळे. माणसाला वाटते की मला वेड लागते आहे. म्हणून तो दर पाच मिनिटांनी आत डोकावून बघतो की अजून तसंच वाटतंय का. डोकावले की वाटतेच. वाटले की भीती वाढते, भीती वाढली की भूल वाढते.

आमचा हा मुलगा काय काय करत होता ते हळूहळू बाहेर आले. न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून स्वतःच्या डोळ्यांत बघायचा. हाताचे पंजे उलटे-सुलटे करून पाहायचा. भिंतीला हात लावून बघायचा. आईला विचारायचा, "मी नॉर्मल दिसतो का?" दिवसातून तीस-तीस वेळा. रात्री अंथरुणात फोनवर हाच विषय वाचायचा, आणि तिथे दहा-दहा वर्षे न सुटलेल्या लोकांच्या गोष्टीच वर येतात. बरा झालेला माणूस कशाला लिहीत बसेल?

सुरुवात कशी झाली तेही तिसऱ्या भेटीत, आम्ही दोघेच बसलो असताना कळले. इथल्या शाळांची रचना थोडी निराळी आहे. नववी-दहावी एका शाळेत, आणि अकरावी-बारावीला मुले सीनियर हायस्कूल नावाच्या दुसऱ्या, खूप मोठ्या शाळेत जातात. म्हणजे नेमके सोळाव्या वर्षी ओळखीचे वर्ग, ओळखीचे मास्तर सुटतात. त्यात परीक्षा, कॉलेजचे अर्ज आणि चार रात्री मिळून दहा-बारा तासांची झोप. आणि शनिवारी रात्री मित्राच्या घरी अर्धी गोळी. गोळी म्हणजे औषधाची नव्हे, जेलीची गोड गोळी, भांगेच्या अर्काची. टेक्ससने २०१९ साली हेंप नावाखाली या वनस्पतीला परवानगी दिली आणि तेव्हापासून पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानांतसुद्धा डेल्टा-८ वगैरे नावांनी ही जेली मिळू लागली. २०२५ साली विधानसभेने बंदीचे बिल मंजूर केले, तर राज्यपालांनी जूनमध्ये ते नाकारले. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. भांग हे या आजाराचे तरुणांमधले एक फार नेहमीचे निमित्त आहे, एवढे घरातल्या मुलांना सांगून ठेवा. रागावून नको. रागावलात तर चौथ्या भेटीतही कळणार नाही.

मुलाला आधी घरच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त, थायरॉइड, बाकी तपासण्या नीट निघाल्या. पुढे मनाच्या डॉक्टरांचा नंबर लागायला सहा आठवडे. हे इथले दुखणे आहे, विमा असून नंबर नाही. तोवर घरी काय करायचे ते आम्ही ठरवले, आणि नंतर ज्या बाईंकडे त्याचे उपचार झाले त्यांनी बरेचसे तसेच चालू ठेवले, फक्त वही आणि हिशेब जास्त शिस्तीत. या उपचाराला सी.बी.टी. म्हणतात. आपण स्वतःला काय सांगतो आणि त्यापायी काय करतो, हे पकडून बदलायचे.

पहिली गोष्ट झोप. दहा वाजता फोन आजीच्या उशाखाली. आजीचे घोरणे ऐकून कुणी तिथून फोन चोरायला जात नाही.

दुसरी गोष्ट तपासणे मोजायचे. बंद कर म्हणून बंद होत नाही, म्हणून आधी फक्त वहीत रेघ मारायची. पहिल्या दिवशी साठाच्या वर रेघा भरल्या. त्याला स्वतःलाच धक्का बसला. "मी नॉर्मल दिसतो का?" याचे उत्तर आईने सकाळी एकदा द्यायचे, मग दिवसभर "सकाळी सांगितलं" एवढेच म्हणायचे. आईला हे फार जड गेले. मुलगा केविलवाणा विचारतो आणि आपण उत्तर द्यायचे नाही म्हणजे काय! पण प्रत्येक उत्तराबरोबर आपण त्याच्या हाती आणखी एक आरसा देतो, हे तिला पटले. महिन्याभरात रेघा विसावर आल्या.

तिसरी गोष्ट जरा वादाची आहे. पाच दिसणाऱ्या वस्तू, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव, असा व्यायाम हल्ली सगळीकडे सांगतात. चांगला आहे. झटका जोरात आला, श्वास भरभर चालू लागला, की माणसाला जमिनीवर आणायला उपयोगी पडतो. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जग आणखीच दूर जाते. तेव्हा श्वास सावकाश सोडणे, गार पाण्याचा हबका, हातात बर्फ, सुंठ किंवा हिंग हुंगणे, यातले काहीही चालेल. पण तोच व्यायाम दिवसातून वीस वेळा, "आता खरं वाटतंय का" हे बघायला केला, तर तोही ओठ चावणेच झाले. मुलाचे हेच चालले होते. मी म्हटले, झटक्याला एकदा कर आणि सोड.

त्याऐवजी काम दिले. प्लेनोची माती तुम्ही पाहिली नसेल. काळीभोर, चिकण, विदर्भातल्या कपाशीच्या रानासारखी. इथेही पूर्वी कापूसच पिकायचा. ही माती उन्हाळ्यात तडकते आणि त्याबरोबर घराचा पायाही तडकतो, म्हणून लोक घराभोवती भोकांचा पाइप अंथरून चक्क घराच्या पायाला पाणी घालतात. आपल्याकडे झाडाला घालतात, इथे घराला! मार्चपासून ते काम त्या मुलाकडे दिले. पाइप उचलायचा, भेगा हाताने चाचपायच्या, नळ सोडायचा, अर्ध्या तासाने बंद करायचा. शुक्रवारी आजीबरोबर पीठ मळायचे. खरे वाटो वा न वाटो, पीठ मळून झाले पाहिजे. उपचाराचे तत्त्व असे, की वाटण्याची वाट बघत थांबायचे नाही. हात चालू ठेवायचे, वाटणे मागाहून येते.

चौथी गोष्ट टाळाटाळ. पोराने गाडी चालवणे सोडले होते. पहिल्या आठवड्यांत ते बरोबरच होते. समोरचे जग धूसर वाटत असताना टोलवेवर गाडी घालू नये. पण सोडून दिले ते सोडूनच दिले तर भीती तिथे घर करते, आणि प्लेनोत गाडी नाही तर पाय नाहीत. मग वडील शेजारी बसून आधी इंडिपेंडन्स पार्कवेवरून ग्रंथालयापर्यंत, पंधरा दिवसांनी कोइट रोड, मे महिन्यात टोलवे. शाळा एक दिवसही सोडू दिली नाही. मित्रांकडे जाणेही चालू, गोळी सोडून.

यावर खास असे औषध अजून नाही, हेही सांगायला हवे. या आजारासाठी म्हणून अमेरिकेत मान्यता मिळालेली एकही गोळी नाही. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावरची औषधे डॉक्टर देतात आणि त्याने फरक पडतो. कुणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या मुलाला देऊ नका.

बरे होणे कसे असते, तर एखाद्या सकाळी काच फुटली आणि जग लखलखीत झाले, असे होत नाही. जूनमध्ये तो मला म्हणाला, काल मॅच बघताना दोन तास आठवणच आली नाही. मग आठवण आली तेव्हा पुन्हा वाटलं, पण कमी. असे न आठवणारे तास वाढत गेले. ऑक्टोबरात परीक्षेच्या वेळी एक आठवडा परत धूसर झाले. त्याने वही काढली नाही, आईला विचारले नाही, झोप वाढवली. आठव्या दिवशी विसरला.

या सगळ्यात एक सल्लागार भेटले त्यांच्याबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. एका समारंभात कुणीतरी मुलाच्या आईला म्हणाले, "जग खोटं वाटतं? अहो, भाग्यवान आहे! लोक त्यासाठी जन्मभर तप करतात." आपण जिथे वाढलो तिथे जग माया आहे हे बसस्टॉपवरसुद्धा ऐकू येते, त्यामुळे अशी गल्लत आपल्याकडेच व्हायची. पण यात एक गंमत आहे. कास्तियो नावाच्या अभ्यासकाने १९९० साली ध्यान करणाऱ्या योग्यांबद्दल लिहिले आहे. त्याचे म्हणणे असे, की अनुभव पुष्कळसा तसाच असला तरी योग्याला तो हवा असतो, अर्थ ठाऊक असतो, म्हणून त्याला त्रास होत नाही. याचा अर्थ त्रास भीतीत आहे. पण सतरा वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला वैराग्याबद्दल शाबासकी देऊ नये, आणि ज्याला हा त्रास चालू आहे त्याला दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिरालाही पाठवू नये. तासन्‌तास ध्यान करून काहींना हा त्रास सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी माणसांत बसवा, बोलते ठेवा.

अश्दोदची मुलगी वेगळी. वय सव्वीस, ७ ऑक्टोबर २०२३ नंतरच्या महिन्यांत हे सुरू झाले. भोंगा वाजला की पंचेचाळीस सेकंदांत निवाऱ्यात पोहोचायचे, आणि तिथे ती पुतळ्यासारखी बसायची. आईने मिठीत घेतले, पाणी पाजले, "रडून घे" म्हणाली, तरी मुलगी आणखीच दूर. इथे तेल-हाय कॉलेजचे डॉ. मोशे फार्ची यांची पद्धत आठवते, जी इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने देशभरासाठी स्वीकारली. मोठ्या धक्क्यात माणूस नुसता कुरवाळला की जास्त असहाय होतो, असे तिचे सूत्र. त्याऐवजी सोपा प्रश्न विचारा, निवड करू द्या, छोटे काम सोपवा. "किती जण आहोत आपण, मोजशील?" "पाण्याची बाटली तू धरतेस की पिशवी?" आणि काय घडले ते क्रमाने सांगा. भोंगा वाजला, आपण खाली आलो, आता संपला, आता वर जाऊ. ही पद्धत डिरिअलायझेशनसाठी म्हणून केलेली नाही, धक्क्याच्या पहिल्या मिनिटांसाठी आहे. पण त्या मुलीला निवाऱ्यात शेजारच्या दोन लहान मुलांची जबाबदारी दिली, तेव्हापासून निदान तिथला पुतळा गेला. बाकीच्यासाठी तिचे कुपात खोलीममार्फत आघातावरचे उपचार चालू आहेत. दोन वर्षांनीही पूर्ण गेलेले नाही. भीती खरी असते तिथे वेळ जास्त लागतो.

आणि ठाण्याचे गृहस्थ. वय अठ्ठावन्न. यांचेही बोलणे तेच, पण मला दोन-तीन गोष्टी खटकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच हे होत होते. दरवेळी मिनिट-दोन मिनिटेच टिकायचे, आणि प्रत्येक वेळ अगदी आधीसारखी. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे, मग जळका वास, मग सगळे परके. बायको म्हणाली, तेवढ्यात ते ओठ चाटतात आणि हाक मारली तर ओ देत नाहीत. मी फोनवर बाकी काही ऐकून घेतले नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे जा म्हटले. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातल्या फिट्स निघाल्या. हातपाय झाडत नाहीत म्हणून त्या घरच्यांच्या लक्षात येत नाहीत. आता गोळी चालू आहे आणि चार महिन्यांत एकही झटका नाही.

म्हणून चाळिशीनंतर पहिल्यांदा असे झाले, किंवा बेशुद्धी, डोक्याला मार, एका बाजूची कमजोरी, बोलणे अडखळणे, नवी डोकेदुखी यांपैकी काही सोबत असले, तर मन-बिन बाजूला ठेवून आधी शरीराची तपासणी. अर्धशिशी आणि आतल्या कानाचे चक्करचे आजार यांतही असे होते. आणि प्लेनोला मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांबद्दल एक सूचना. मुंबईहून साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक, काचा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी घरे एकाच विटेची. पहिले आठ-दहा दिवस स्वप्नात असल्यासारखे वाटणे समजण्यासारखे आहे. सकाळी उजेडात फिरवा, रोज कुणाशीतरी मराठीत बोलू द्या. पण वार-तारीख विसरणे, संध्याकाळी भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, हे त्यात बसत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, नवीन औषध, हे लगेच बघून घ्या.

डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या. कधीपासून, एक झटका किती वेळ टिकतो, झोप किती तास, डोक्याला मार लागला होता का, घरात फिट्स किंवा अर्धशिशी आहे का, आणि काय काय पोटात जाते. यात काढे, जेलीच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषधही लिहा. काही खोकल्याच्या औषधांतला डेक्स्ट्रोमेथॉर्फन जास्त घेतला तर नेमके हेच करतो आणि मुले तो मुद्दाम घेतात. डॉक्टरांना "चक्कर" सांगू नका, चक्करची गोळी मिळेल. "डिरिअलायझेशन" हा शब्द सांगा. इंग्रजीत आणि हिब्रूत तोच चालतो.

जगण्यात अर्थ नाही, मरून जावे, असे कुणी बोलले तर नंबर लागण्याची वाट पाहू नका. अमेरिकेत ९८८, इस्रायलमध्ये एरान १२०१, भारतात टेली-मानस १४४१६, तिथे मराठीतही बोलता येते. आमच्या कॉलिन काउंटीत पैसे नसणाऱ्यांना लाइफपाथ सिस्टिम्सकडे जाता येते.

मला फोन करणाऱ्यांना एक विनंती. इस्रायल आमच्या आठ तास पुढे आहे. तुमचा सकाळचा चहा म्हणजे माझी मध्यरात्र. तातडीचे असेल तर खुशाल उठवा. गुडघ्याचे असेल तर दुपारी चारनंतर करा.